परत लावलेलं पेर

खापर गावच्या बाजारातून सातपुड्यात वर चढलं की तीन तासांवर रूपलीबाईचा पाडा लागे. तिथल्या उतारावर माकडशिंग उगवतं. त्याला पानं नसतात, नुसत्या चार धारांच्या बोटभर जाड हिरव्या काड्या. धान्य संपलं की लोक त्या सोलून, चिंच-मीठ घालून शिजवत. शेजारीच थोराची कोवळी रोपंही उगवतात, आणि ती विषारी. पण खूण सोपी होती. थोराला काटे असतात आणि शेंडा मोडला की पांढरा चीक येतो.

१९१९ च्या उन्हाळ्यात त्या उतारावर वणवा फिरला. रूपलीने आणलेल्या काड्या करपलेल्या होत्या. काटे असले तरी जळून गेले असते. शेंडे मोडून पाहिले, तर चीक सोडाच, पाणीही सुटेना. घरात दुसरं काही नव्हतं. तिने शिजवलं, सगळ्यांनी खाल्लं. तिची पाच वर्षांची मुलगी रमिला दोन दिवस तापाने पडून होती. तिनेही चार घास घेतले. संध्याकाळी ती ओकली, तोंडात फोड आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

"ताप सगळ्या पाड्याला आला," सासू म्हणाली. "तू तिला थोर खाऊ घातलास."

तोडून आणलेल्या काड्यांतलं एक पेर मातीला परत द्यायची तिकडे रीत आहे. त्या दिवशी दमलेल्या रूपलीने ते झोपडीमागेच, खडकाच्या फटीत खोचलं होतं. आता त्या काड्यांतलं तेवढंच उरलं होतं. मोडून पाहावं, तर मरून जाईल. तिने बुडाशी खडी घातली, शेळ्यांनी खाऊ नये म्हणून काटेरी कुंपण केलं. पावसात कुजू नये म्हणून वर फरशी तिरपी टेकवली. दोन पावसाळे पेर जसंच्या तसं राहिलं. सासू येता-जाता विचारायची, थोर केवढा झाला?

तिसऱ्या पावसाळ्यात कोंब आला. भाद्रपदात त्यावर काळपट जांभळं फूल लागलं. सडक्या मांसासारखा वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या. थोराचं फूल असं नसतं. सासू पाहून आत गेली.

"माकडशिंगच आहे," नवरा सुरुपसिंग म्हणाला. "तुझा हात चुकला नव्हता."

रूपली फुलाकडे पाहत राहिली.

"हे पेर आपण खाल्लं नाही," ती म्हणाली. "तिने खाल्लं ते कोणतं होतं?"

पुढे त्याच झाडाची पेरं तिने घरोघर लावून दिली. स्वतःच्या चुलीवर मात्र तिने माकडशिंग पुन्हा कधी चढवलं नाही.