डाव्या गालावरचा तीळ

पुढे मुंबईत मी नट्यांचे फोटो काढले, मासिकांची मुखपृष्ठं केली. तिथले लोक म्हणायचे, हा फार संशयी माणूस, एकच प्रिंट दहादा तपासतो. ही खोड मला भिंगारला लागली. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती आणि तिथल्या लष्करी छावणीजवळच्या बाजारात माझा छोटा स्टुडिओ होता. जवान घरी पाठवायला फोटो काढून घ्यायचे, पण माझं नाव झालं ते लग्नाच्या मुलींच्या फोटोंमुळे. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण मी असे घालवायचो की सख्ख्या आईलाही सापडू नयेत.

एकदा छावणीतले एक कारकून असाच फोटो परत घेऊन आले. खर्ड्याचे पाहुणे त्यांच्या मुलीला बघून गेले होते. फोटोत तीळ उजव्या गालावर, मुलीच्या डाव्या. "फोटो एकीचा आन् पोरगी दुसरीच," असं म्हणून त्यांनी बोलणंच थांबवलं होतं.

मला आधी पाहुण्यांचा संशय आला. मोडायला निमित्त हवं असणार. मग, सांगायला लाज वाटते, या बापाचाच आला. रोज इतके चेहरे समोर बसायचे, मला कुठला आठवायला!

"काका, कॅमेरा खोटं बोलत नाही," मी म्हणालो. "घरात थोरली मुलगी आहे का आणखी?"

ते गोरेमोरे झाले. मागे मुलगी उभी होती, तिने फोटो ओढून घेतला.

"चमकी बी उजव्या नाकपुडीत हाय की! आमच्यात कोन घालतं उजवीकडं?"

मी निगेटिव्ह शोधून दिव्यासमोर धरली. प्रिंट काढताना निगेटिव्ह मीच उलटी घातली होती.

दुसऱ्या दिवशी सुलटा फोटो घेऊन मी एसटीने खर्ड्याला गेलो, चूक कबूल केली. मुलाच्या मामांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले.

"तुमी व्रन घालवता म्हनं. मंग तीळ हलवायला कितीसा येळ? न्हाई जमायचं."

ज्या कसबाची मला एवढी घमेंड होती, त्यानेच तिचं लग्न मोडलं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या स्थळासाठी ती पुन्हा माझ्याकडेच आली. मला त्यातही काहीतरी डाव वाटला. दिवा लावून मी कॅमेऱ्यामागे गेलो.

"थांबा," ती म्हणाली. "आदी सांगा, माजा डावा गाल कंचा?"

मी बोट उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं.