आत्याच्या गावातला व्हिला

आमच्याकडे सहलीचं ठरवायचं म्हटलं की सगळे मला पुढे करतात आणि मागून नावं ठेवतात. या वेळी मी कुणाला बोलायला जागाच ठेवली नव्हती. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन्ही भाऊ-भावजया आणि चार पोरं. डिंगोऱ्यात भाड्याचा व्हिला, बारा पलंग, वर स्विमिंग पूल.

अडचण एकच होती. डिंगोऱ्यात बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, एकटी राहते. लहानपणीच्या आमच्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या. आत्या गावात असताना त्याच गावात भाड्यानं राहायचं, हे आमच्यात आजवर कुणी केलेलं नाही. मी ग्रुपवर लिहिलं, 'बाबांच्या गुडघ्यांना आत्याकडचा संडास झेपणार नाही. तिला जेवायला व्हिलावर बोलावू.' सगळ्यांचे अंगठे आले. गुडघे खरे होते, कारण खोटं होतं. मला पूल हवा होता, आणि आत्याच्या ओसरीवर ओळीनं झोपायचा कंटाळा आला होता.

व्हिला बघायला मी एकटीच गेले. गाद्या दाबून पाहिल्या, गिझर लावून पाहिले आणि आत्याची गल्ली टाळून बाहेरच्या रस्त्यानं निघाले. गावात गाडी लपते थोडीच! नारायणगाव येईपर्यंत तिचा फोन.

"पांढरी गाडी तुजीच ना? मी चहाचं आधण ठेवलं व्हतं."

मी गडबडले. दिवाळीनंतर आम्ही सगळे येणार आहोत, एवढंच सांगून टाकलं.

"किती जणं? बारा? लई बरं झालं. मावतील की! आन् दादाचं गुडघं कसं हायेत?"

"दुखतात. खाली बसता येत नाही," मी म्हटलं. व्हिला हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. बाबांना फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे भावाबहिणीचे निरोप माझ्यामार्फतच जातात. आत्याला सगळं ठाऊक आहे, असं मी बाबांना सांगितलं. आणि आत्याला उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत दीड महिना काढला.

पोचलो त्या दिवशी सामान आधी व्हिलावर उतरवलं. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. "आधी बहिणीकडं," म्हणाले.

आत्याच्या ओसरीवर ऊन दाखवलेल्या तेरा गोधड्या घडी करून ठेवल्या होत्या. तेरावी तिची. तिनं बाबांचा हात धरला आणि त्यांना थेट परसात नेलं. आम्ही मागून. संडासात नवाकोरा कमोड, वरचा स्टिकरसुद्धा तसाच. धरायला भिंतीत पाईप बसवलेला.

"दादा, बसून बघ. उंची बराबर हाय का? न्हाईतर गवंडी उद्या परत येतोय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला सांगावंच लागलं, की सामान व्हिलावर आहे. आत्यानं संडासाचं दार ओढून घेतलं.

"बरं केलंस. पोरांना पवायला व्हईल," म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई-बाबा तिथंच राहिले, बाकीचे व्हिलावर गेले. मी व्हिलावर जाऊन त्यांच्या बॅगा आणून दिल्या. आत्यानं त्या आत ठेवल्या आणि माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"तुजी कुठाय?"

"पोरं एकटी आहेत तिकडं," मी म्हटलं.

पोरांजवळ पाच मोठी माणसं होती.