जुळ्या डिस्क आणि हसरा फोटोग्राफर

फोटो स्टुडिओवाल्या वहिनींना चिठ्ठ्या चिकटवायचं भारी वेड. फ्रेमला चिठ्ठी, कात्रीला चिठ्ठी. दिराच्या चहाच्या कपालाही एक होती, ‘धुऊन ठेवणे’. मग कॉम्प्युटरच्या पोटातल्या दोन जुळ्या डिस्क सुटतात थोड्याच! फोटोंच्या डिस्कला ‘बी’, रिकामीला ‘सी’. कॉम्प्युटरच त्यांना एसडीबी, एसडीसी म्हणायचा; वहिनींचं काय चुकलं?

चुकलं एवढंच, की त्या कॉम्प्युटरमध्ये दोन लिनक्स, म्हणजे मशीन चालवणाऱ्या दोन प्रणाली, नांदत होती. म्हाताऱ्या स्कॅनरसाठी जुनं, बाकी कामाला नवं. चिठ्ठ्या लावल्या जुन्यात बघून आणि ‘सी’ पुसायला वहिनी बसल्या नव्यात.

‘‘आधी आत डोकावा,’’ दीर म्हणाला.

‘‘भावोजी, चिठ्ठी मी लावलीय.’’

‘‘म्हणूनच म्हणतो!’’

त्याची जिरवायची म्हणून वहिनींनी ‘सी’ उघडली, तर आत नवरा हसत उभा!

साऱ्या गावाला ‘हनुवटी वर’ म्हणणारा तो माणूस स्वतः कॅमेऱ्यासमोर एकदाच उभा राहिला होता, तोही वहिनींनी दटावल्यावर. तो गेला आणि हा एकच फोटो मागे राहिला. त्याची प्रत ठेवायची म्हणूनच तर दुसरी डिस्क पुसून तयार करायची होती!

विंचवाला हात लागल्यासारखा वहिनींचा हात माउसवरून उडाला.

‘‘अहो, ही तर बी होती ना?’’

‘‘मशीन चालू होताना जी आधी ‘हजर’ म्हणते, तिला आधीचं अक्षर. नव्या लिनक्सला दुसरीच आधी भेटते. अक्षर म्हणजे रांगेतली जागा, वहिनी. ओळख नव्हे.’’

‘‘मग ओळख कुठली?’’

दिराने एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर आकडे, अक्षरं, मधे रेघा अशी लांबलचक ओळ उमटली. ‘‘हा यूयूआयडी. डिस्क वापरायला तयार केली तेव्हा तिच्यावर लिहिला गेलेला. पुन्हा पुसेपर्यंत हाच.’’

दोन्ही लिनक्समध्ये जिथे कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेलं असतं, तिथली अक्षरं खोडून त्याने ती ओळ घातली.

आता वहिनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणार? मशीन बंद करून त्यांनी झाकण उघडलं आणि दोन्ही डिस्कच्या केबलींची सरळ अदलाबदल केली.

‘‘अहो वहिनी!’’

‘‘तुम्ही गप्प बसा.’’

नवं चालू केलं. फोटो जागेवर. जुनं चालू केलं. अक्षरं उलटीपालटी झालेली, पण हा आपला हनुवटी वर करून तिथेच उभा!

वहिनींनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली.

‘‘इतकं हलवलं भावोजी,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘तरी सापडला हो.’’

मग ‘बी’ची चिठ्ठी नखाने खरवडून वहिनी नव्या चिठ्ठीवर ती लांबलचक ओळ लिहायला बसल्या. चिठ्ठी पुरेना. तिला दुसरी जोडली, दुसरीला तिसरी.

‘‘आता पुसू रिकामी?’’ दिराने विचारलं.

‘‘थांबा,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘आधी आत डोकावते.’’