मिलिंदचा विशीतला आवाज

लातूरहून वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले..." आणि मिलिंद गेला याचं रडू यायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की त्याच्याकडं प्लेअर न्यायचा राहिला. दीड महिना झाला. अजून तेच येतं.

नांदेडला कॉलेजात तो गिटार वाजवत गायचा, मी ड्रम वाजवायचो. गॅदरिंगला आमचं रॉक ऐकून मागची पोरं ओरडायची, "भजन म्हणा राव!" मिलिंद हसायचा आणि आवाज आणखी चढवायचा. मग मला हदगावला नोकरी लागली. मी ड्रम देऊन टाकले, त्याला सांगितलंसुद्धा नाही. त्यानं एकट्यानंच अल्बम केला. घरात, पत्र्याखाली, भर मे महिन्यात पंखा बंद ठेवून, कारण पंख्याची घरघर टेपवर यायची. ड्रमच्या जागी ज्वारीचा रिकामा डबा बडवला. थोड्या कॅसेटी काढून मित्रांना वाटल्या. माझी मी एकदाच ऐकली... डब्याचा आवाज सहन झाला नाही.

पुढं तो लातूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागला, लग्न झालं, गिटार सुटली. तीसेक वर्षांनी बंगळुरूच्या दोन तरुणांना ती कॅसेट कुठंतरी सापडली आणि त्यांनी तिची तबकडी काढली, जुन्या रेकॉर्डसारखी काळी, मोठी. तोवर मिलिंदला अर्धांगवायू झाला होता. भेटायला गेलो तेव्हा तबकडी छातीशी धरून बसलेला. वाजवायला घरात काहीच नव्हतं.

"तुझ्याकडं प्लेअर हाय ना... घेऊन ये," तो अडखळत म्हणाला.

"रविवारी आणतो."

असे चार रविवार गेले. एकदा पाहुणे आले, एकदा गाडी बिघडली, दोनदा नुसता कंटाळा.

त्याच्या दिवसकार्याला, जलदान विधीला, प्लेअर घेऊन गेलो. पाहुणे पांगल्यावर वहिनी म्हणाल्या, "लावा." खोलीत मिलिंदचा विशीतला आवाज भरला, मोकळा, उंच, कुठंच न अडखळणारा. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. रडल्या नाहीत. दुसरं गाणं संपल्यावर म्हणाल्या, "इतक्या वर्षांत घरात कधी गुणगुणलेसुद्धा न्हाईत. भाऊजी, हे खरंच तेच हायत का?"

"हाव."

"मग माझ्यासंगं कोण राहिलं?"

पुढचं गाणं सुरू झालं. त्याच्या रिकाम्या खाटेकडं बघत आम्ही दोघं ऐकत राहिलो.