बडनेऱ्याचं तिकीट

मॅट्रिक झाल्यावर माझ्यापुढे दोन वाटा आहेत, असं घरात सगळे म्हणत. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले आणि मोठं विद्यापीठही तिथंच होतं. अकोल्याच्या आमच्या शाळेतल्या बाईंनी खटपट करून तिथल्या मुलींच्या वसतिगृहात माझी सोय लावली होती. मला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. दुसरी वाट म्हणजे अमरावतीचं लहानसं कॉलेज. तिथं तो विषय नव्हता, पण आत्याचं घर होतं, आणि आत्याला लग्नाचा मुलगा होता.

मोर्णा नदीच्या काठी आमची फुलांची बाग होती. वडील शेवंती खुडता खुडता म्हणत, "तुले वाटते ते कर." आणि लगेच, "पन आत्याचं मन मोडू नको." आजी लवकर गेल्यामुळे वडिलांना आत्यानंच वाढवलं होतं. आईनं आत्याकडून आलेलं हिरवं लुगडं मला न विचारता माझ्या पेटीत घातलं.

निघायच्या दिवशीही काही ठरलं नव्हतं. वडिलांनी तिकिटं बडनेऱ्यापर्यंतचीच काढली. अमरावतीला जायचं तर तिथं गाडी बदलायची. नागपूरला जायचं तर पुढचं तिकीट काढून त्याच गाडीत बसून राहायचं.

मूर्तिजापूर गेल्यावर मी धीर करून म्हटलं, "बाबा, मले नागपूरले जायचं आहे."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जा. मी काही नाही म्हनून राहिलो का? पन आत्या टेशनावर उभी असन. तिले तूच सांगजो."

आत्या उभी होती. हातात भाकरीचा डबा, पदर डोक्यावर. खिडकीतून माझ्या गालावर हात फिरवत म्हणाली, "उतर माय. भूक लागली असन." मी उतरले. गाडी हलली तेव्हा मी फलाटावर होते आणि मला कुणी ओढून उतरवलं नव्हतं.

अमरावतीच्या त्या कॉलेजात, वर्गात आम्ही तिघीच मुली. आत्याचा मुलगा मला कॉलेजात सोडायला यायचा, चार पावलं मागे राहून, मान खाली घालून. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकदा विहिरीवर मी एकटी होते, तेव्हा तो जवळ येऊन म्हणाला, "मले बी कोनी विचारलं नाही. मले अकोटले कापसाच्या जिनिंगमधे नोकरी लागत होती. आईनं जाऊ देलं नाही."

"मंग बोलत काहून नाही?"

"तू बोलली का?"

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं आत्यासमोर जाऊन बसलो. आम्हाला हे लग्न नको, असं तोच बोलला. ती रागावली नाही, रडली नाही. फक्त जेवायची थांबली. दुसऱ्या दिवशीही तिनं पाण्याला हात लावला नाही, आणि आमच्या पुढ्यात मात्र गरम भाकऱ्या वाढत राहिली. शेवटी त्यानंच तिच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाला, "जेव. तू म्हनशीन तसं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं लग्न झालं. मी बी.ए. त्याच कॉलेजातून झाले. शिकवणारे मन लावून शिकवत. नवराही चांगला होता, शेवटपर्यंत माझ्याशी अदबीनं वागला. पण घरात आम्ही दोघं नेहमी हळू आवाजातच बोलायचो, आत्या गेल्यानंतरही.