सुट्टीतलं पाणी

समाज विश्वासावर उभा असतो. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या आमच्या इमारतीत हा विश्वास बुटाच्या लेसमध्ये ओवलेला, एका तरुणाच्या गळ्यात लटकत असे. डिसेंबरात आम्ही सगळे भारतात जायचो आणि घरांच्या किल्ल्या त्याला देऊन जायचो. कुंड्यांना पाणी घालायला दुसरं कोणी मिळत नव्हतं.

तो आधी कुंडीत बोट खुपसायचा, पेरभर आत. मग म्हणायचा, "माती सांगते कधी घालायचं. नो वरीज, तुम्ही जा."

स्वयंपाकाचा कोर्स केला की पीआर, म्हणजे इथे कायम राहायची मुभा, मिळते, अशी ती वर्षं होती. साताऱ्याहून मेकॅनिकल इंजिनियर होऊन आलेला हा इथे कांदा चिरायला शिकला. इमारतीत असे तिघे होते. एकाच्याही हातचं खाववत नसे. याचा पीआरचा अर्ज अडकला होता आणि निकालाआधी देशाबाहेर जाऊन यायचं तर वेगळी परवानगी लागे. त्यात गावी वडील आजारी.

"परवानगी काढ आणि जाऊन ये," मी म्हणालो.

"जानेवारीत बघतो. आत्ता तुमची झाडं आहेत ना."

जानेवारीअखेर मी परतलो. उन्हाने सिडनी भाजली होती, पण माझा कढीपत्ता तरारला होता. त्याच दिवशी समोरच्या वहिनी पुतणीचं लग्न उरकून आल्या. त्यांच्या बॅगा आत नेऊन दिल्या, तर बाल्कनीत मोगरा, मिरची, गवती चहा हिरवेगार आणि मधोमध तुळशीच्या काड्या.

वहिनींनी त्याला बोलावून घेतलं. तो टोपी घालून दारातच उभा राहिला.

"अरे, मोगऱ्याला पाणी घातलंस आणि तुळशीला नाही?"

"तुळशीला हात लावता येत नव्हता, वहिनी."

"का, चावते?"

त्याने टोपी काढली. डोक्यावर नुकते कुठे खुंट आले होते.

"सुतक होतं. वडील गेले, ख्रिसमसच्या आठवड्यात. सुतक फिटेपर्यंत ती उन्हाने वाळली."

"आणि तू गेला नाहीस?"

"परवानगीचं ऑफिस बंद होतं. सुट्टी."

वहिनींचा आवाज उतरला. "एक फोन करायचास. मी कोणालातरी सांगितलं असतं."

"कोणाला? सगळे इंडियात. आणि तुमच्याकडे लग्न." तो टोपीची कड चाचपत राहिला. "जाता आलं नाही. म्हटलं, निदान एवढं तरी पाळू."

त्याच्यासाठी काढलेला लग्नाच्या लाडवांचा डबा वहिनींनी हळूच परत बॅगेत ठेवला. "बस. चहा टाकते," म्हणाल्या. घरात दूध नव्हतं. तिघांनी कोरा चहा घेतला.

मार्चमध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला. दारोदार किल्ल्या परत करून तो साताऱ्याला गेला. आता जायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

वहिनींनी नवी तुळस आणली. रोज सकाळी आधी बोट खुपसून मगच पाणी घालायच्या. जुलैत ती मेली. सिडनीच्या थंडीत कुंडीतली तुळस तशीही मरते.