शुक्रवार पेठेत अडलेली मोटार

पुण्याहून सोलापूरला रेल्वे जाते, ती वेळेवर सुटते आणि तिला हँडल मारावं लागत नाही. हे सगळं ठाऊक असूनही मी मोटारीनं निघालो. बायकोला आणि तीन महिन्यांच्या लेकीला माहेराहून आणायचं होतं. अशा वेळी जावई स्टेशनावरून टांग्यात येतो की स्वतःच्या मोटारीतून उतरतो, याला सासुरवाडीत फार महत्त्व असतं असं माझं मत होतं. हे मत असणारा त्या घरात मी एकटाच आहे, हे पुढं कळलं.

मोटार जुनी, उघडी आणि ऐसपैस होती. मूळची पेट्रोलवरची. एका हौशी मित्रानं तिचं इंजिन काढून त्या जागी लहानसं डिझेल इंजिन बसवलं आणि हौस फिटल्यावर ती माझ्या गळ्यात घातली. जाड तेलावर चालणारी मोटार तेव्हा आमच्याकडं फारशी कुणी पाहिलेली नव्हती. बंद असली की ती मोटारीसारखी दिसे आणि चालू झाली की पिठाच्या गिरणीसारखी वाजे.

याचा प्रत्यय टेंभुर्णीलाच आला. चहासाठी थांबलो तेव्हा इंजिन चालूच ठेवलं होतं. डोक्यावर ज्वारीची पाटी घेतलेली एक बाई मोटारीभोवती फिरून आली आणि मला म्हणाली, "दळण कुटं घालायचं?"

"बाई, ही मोटार आहे."

"व्हय, पर दळण कुटं घालायचं?"

मी पुढं पाहून मोटार हाकली. पुढं माढ्याचा फाटा मागं पडला आणि मेंढरांचा एक कळप रस्त्यावर आला. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी उभी होती. मेंढरं आवाजानं बिथरतील म्हणून मी सभ्यपणानं इंजिन बंद केलं. धनगर जवळ आला.

"बंद कशापायी केली?"

"मेंढरं घाबरतील म्हणून."

"मेंढरं न्हाई भ्यात. कुत्रं भ्यातंय. त्येला म्या धरलंय की."

कुत्रं खरंच त्याच्या काखेत होतं आणि माझ्याकडं अविश्वासानं बघत होतं. मी उतरलो, हँडल मारलं आणि मोटार पहिल्याच फेऱ्यात चालू झाली. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण सोलापुरात माझ्या या म्हणण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सासऱ्यांचं दुकान खाली आणि घर वर. दुकानात चादरी आणि टॉवेल. मोटार गल्लीत शिरली तेव्हा लोक ओट्यांवर आले. माझा मेहुणा भीमू दुकानातूनच म्हणाला, "दाजी, गिरणी घेऊन आलाव का?" भीमू दुकान सांभाळतो आणि जावयाचा मान ठेवायचं काम घरातल्या इतरांवर सोडतो.

वर गेलो तर जेवणाचा थाट. कडक भाकरी (आठवडाभर टिकणारी, पापडासारखी मोडणारी), शेंगाची चटणी, वर दह्याचा गोळा. पाट नवा, तांब्या नवा, हात पुसायला घडी न मोडलेला टॉवेल. सासूबाईंचा एकच नियम होता. जावयाच्या हातात वापरलेली वस्तू द्यायची नाही.

संध्याकाळी मी मोटारीत तेल भरायला निघालो. हे तेल पेठेमागच्या पिठाच्या गिरणीतून आणायचं होतं. त्यात गाळ असतो, म्हणून मी नेहमी ते फडक्यातून गाळून घेतो. सासूबाईंकडं जुनं फडकं मागितलं तर त्यांचा चेहरा उतरला.

"जावईबापू, तुमच्या हातात फडकं? गल्ली काय म्हणंल?"

त्यांनी भीमूला हाक मारून दुकानातला एक कोरा, जाडजूड, लाल काठाचा टॉवेल वर मागवला. मी संकोचानं तो घेतला आणि त्यातून तेल गाळलं. त्या टॉवेलाइतकं ऊबदार गाळणं कुठल्याही इंजिनाच्या नशिबी आलं नसेल.

सकाळी मोटार चालू होईना. मी हँडल मारलं, भीमूनं मारलं, समोरच्या न्हाव्यानं हौसेनं मारून पाहिलं. शेवटी गल्लीतल्या मंडळींनी ढकलली तेव्हा ती खोकली, धूर सोडला आणि एकदाची चालू झाली. सगळ्यांना फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ढकलायला दुप्पट माणसं आली.

आता निदान करणं भाग होतं. मोटारीच्या बाबतीत मी चार पुस्तकं वाचलेली असल्यानं चुकायला मला भरपूर वाव होता. पहिलं निदान थंडी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापवली की त्या उष्णतेनं तेल पेटतं, म्हणून थंडीत त्याला जड जातं, असं मी सासऱ्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि रात्री मोटारीच्या तोंडावर दुकानातल्या दोन चादरी घातल्या. सकाळी मोटार जास्तच हट्टाला पेटली. पुढं ती भर दुपारीही चालू होईना, तेव्हा थंडी निर्दोष सुटली.

दरम्यान मंडळींना घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. पाण्यावर ऊन पडलं होतं, देऊळ मध्यभागी शांत होतं आणि लेक आजीच्या मांडीवर कबुतरांकडं बघत होती. मन प्रसन्न झालं. परतताना बारीकसा चढ लागला, तिथं मोटार धापा टाकू लागली आणि सासरे, भीमू आणि मी उतरून तिच्याबरोबर चालत आलो.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "गुरुवारी निघायचं बाबांनी ठरवलंय. मोटार हँडलवर चालू झाली तर मी बसेन. ढकलावी लागली तर मी पोरीला घेऊन रेल्वेनं येईन. साऱ्या पेठेनं ढकलत माझी पाठवणी केलेली मला चालणार नाही."

ती हे शांतपणे बोलली, म्हणून मी घाबरलो. रिकामी मोटार घेऊन एकट्यानं पुण्याला परतायचं आणि शेजाऱ्यांना विचारू द्यायचं, हे चित्र मला दिसू लागलं.

दुसरं निदान तेल. दुकानात चार गिऱ्हाइकं असताना मी जाहीर केलं की सोलापूरचं तेल म्हणजे चिखल आहे. भीमूला ते लागलं. "दाजी, पुण्याचं तेल काय चांदीच्या भांड्यात येतंय?" असं म्हणून त्यानं मला धरून गिरणीवर नेलं. गिरणीवाले चाचा पिठानं पांढरे झालेले होते.

"तेल कू नक्को बोलो जावईसाब," ते म्हणाले. (तेलाला बोल लावू नका.) "मेरी गिरनी इसीच तेल पे चलती."

त्यांनी माझ्यासमोर चाक फिरवलं. इंजिन लगेच लागलं. परतताना भीमू वाटभर फक्त हसत होता.

मग माझी तेलाबद्दलची काळजी आणखी वाढली. गिरणीचं इंजिन दांडगं, माझं नाजूक, त्याला अधिक स्वच्छ तेल हवं, असा मी अर्थ लावला. सासूबाई रोज संध्याकाळी नवा टॉवेल काढत होत्याच. मी त्याच्या दोन घड्या करून गाळू लागलो. मोटार जितकं स्वच्छ तेल पीत होती, तितकी चालू व्हायला कुरकुरत होती.

बुधवारी दुपारी मी बाह्या सरसावून इंजिनाखाली बसलो. नळीत हवा शिरली असेल म्हणून ती काढून पाहिली. फरक पडला नाही. पंपाच्या आधी एक बारीक जाळी असते, ती कधी उघडली नव्हती. उघडली तर आत उंदरानं घर केल्यासारखा गोळा. पांढरट, चिकट, मधूनच लाल. मी तो काडीनं ओढून काढला. भीमूनं चिमटीत धरून चोळला, उजेडात धरला आणि दुकानदाराच्या गंभीरपणानं म्हणाला,

"दाजी, ह्यो आपलाच माल हाय. लाल काठाचा. कोऱ्या मालाचं तूस, म्हंजी बारीक धागं, सुटतंय, दोन-चार धुण्यात जातंय. पर रंग बगा, तेलात बुडून लई दिवस झालं, तरी उतरला न्हाई."

त्याला मालाच्या रंगाचा आनंद झाला होता. मी मात्र खाली बसलो. पुण्यात मी माझ्या जुन्या, विरलेल्या धोतराच्या तुकड्यातून तेल गाळत होतो, त्यात सुटायला काही उरलंच नव्हतं. इथं रोज नव्या मानानं मोटारीचा घसा भरत होता, आणि घड्या घालून मीच तो घट्ट करत होतो.

एवढ्यात जिन्यावरून सासूबाई उतरल्या. "काय सापडलं हो, जावईबापू?"

भीमूनं माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या हातात आजचा टॉवेल होता, घडी न मोडलेला.

मी गोळा मुठीत दाबला. "पुण्याचाच केर. निघण्याआधी जाळी साफ करायला हवी होती, आळस केला. तुमचं तेल उत्तम आहे."

"मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या. "सोलापुरात काय वाईट मिळतंय? घ्या, आज तीन पदर करा."

मी टॉवेल घेतला. मग भीमूनं दुकानामागं नेऊन आपलं जुनं धोतर पुढं केलं आणि त्यातून आम्ही दोघांनी चोरट्यासारखं तेल गाळलं.

गुरुवारी सकाळी अर्धी पेठ हजर होती. न्हावी दुकान बंद करून आला होता. सासूबाईंनी मोटारीला हळदकुंकू लावलं. मी हँडल धरलं, मनात जे देव आठवले त्यांना बोलावलं आणि जोर लावला. पहिल्याच फेऱ्यात ती गिरणी सुरू झाली.

गल्लीत थोडी निराशा पसरली. एक म्हातारे उपरणं पुन्हा खांद्यावर टाकत म्हणाले, "मग आमी कशाला आलो?"

मोहोळ मागं पडेपर्यंत मी माझं कौतुक माझ्याच तोंडून करत होतो. भीमा ओलांडली, ऊन चढलं, लेक आवाजाला सरावून झोपली. इंदापूरला इंजिन बंद केलं, चहा प्यालो, पुन्हा हँडल मारलं. चालू.

"पाहिलंस?" मी म्हटलं. "तू रेल्वेच्या गोष्टी करत होतीस. सकाळी चालू झाली म्हणून बसलीस ना?"

"चालू व्हायच्या आधीच बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही हँडल धरून डोळे मिटले होते, तुम्हाला कुठं दिसणार?"

मी आठवून पाहिलं. खरंच, हँडल मारून वर पाहिलं तेव्हा ती पोरीला घेऊन आत बसलेलीच होती.

"आणि ढकलावी लागली असती तर?"

"लागली असती तर लागली असती. काल तुम्ही जाळी उघडलीत तेव्हा पोरीला घेऊन मी वरच्या खिडकीत होते. आईला टॉवेलाचं सांगितलं असतंत, तर मी रेल्वेनंच आले असते."

पुण्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मोटार कशी दुरुस्त केली म्हणून शेजाऱ्यांनी विचारलं. मी बरंच लांबवून सांगितलं. जाळी, नळी, पंप, सगळं. टॉवेल तेवढा वगळला.